बॅटरीच्या उजेडातलं रान

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात कुणी ‘रानात चाललो’ म्हणालं की तो शेतात निघालाय, हे वेगळं सांगावं लागत नाही. रान म्हणजे वावर. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर, मागून हरभरा आणि ज्वारी. मारुती चितमपल्लींच्या ‘रानवाटा’ या पुस्तकाचं नाव ऐकून पुण्या-मुंबईच्या वाचकापुढे सागवान आणि अस्वल उभं राहत असेल. आमच्याकडच्या माणसापुढे आधी शेताचा धुरा उभा राहतो. पीक आणि जनावर एकाच शब्दात कोंबलेत म्हणून भाषेला नावं ठेवायचं कारण नाही, कारण या मुलखात ती दोन्ही खरोखरच एका जागी राहतात. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही भरत नाही. नांदेडचं जे काही आहे ते बहुतेक किनवट-माहूरच्या डोंगरात. नायगाव, बिलोली, देगलूरच्या सपाटीवर वनखात्याच्या नकाशात हिरवा रंग शोधावा लागेल. तरी इथं काळवीट आहे, रोही आहे, रानडुक्कर आहे, कोल्हा आहे. मोरही आहेत, पण मोरांचं अभयारण्य म्हणून ज्याचं नाव घेतात ते नायगाव बीड जिल्ह्यातलं, पाटोद्याजवळचं. 1994 साली जाहीर झालेलं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. आमच्या नायगावचे मोर कुठल्याच यादीत नसलेले, हरभऱ्यात फिरणारे.

अशा गावातला माणूस ‘जंगल बघायला’ जातो तेव्हा कुठं जातो? वाघासाठी ताडोब्याला किंवा जवळच्या टिपेश्वरला. आणि पावसातलं, ओलं, सदाहरित जंगल बघायचं तर महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, आंबोलीला. नांदेड भागात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीत तोच आकडा सात हजारांच्या घरात जातो. तिथली आता बऱ्यापैकी रुळलेली सहल अशी असते: कौलारू किंवा पत्र्याचं, पण आतून कोरडं आणि नीटनेटकं लॉज, गरम पाणी, संध्याकाळी भजी आणि चहा, रात्री तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. जेवण झालं की गमबूट, रेनकोट, पायमोज्यांवर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू, आणि गाइडच्या मागून नाइट ट्रेल. गाइड बॅटरीचा झोत झुडपावर फिरवतो आणि तुम्हाला पानं दिसतात. तो म्हणतो, तिसऱ्या फांदीवर बघा. अजून पानंच. मग एक पान श्वास घेतं आणि कळतं, तो हिरवा चापडा साप आहे. पाण्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला असतो. मलबारी उडत्या बेडकाची मादी अंडी घालताना मागच्या पायांनी स्राव घुसळून हा फेस करते. त्यात पिल्लं वाढतात आणि वेळ आली की थेंबासारखी खालच्या पाण्यात गळून पडतात. त्या बेडकाच्या बोटांमधले पडदे केशरी-तांबडे असतात. बसलेला असताना ते दिसत नाहीत. जांभ्या खडकावर, तळहात बुडणार नाही इतक्या पाण्यात, आंबोली टोड अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी त्याला 2009 साली नाव दिलं, आणि जगात त्याचं राहण्याचं ठिकाण इतकं थोडकं आहे की आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. हे सगळं बघून माणूस परततो, अंग पुसतो, पांघरूण ओढतो, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना त्याला शांत झोप लागते.

या शेवटच्या भागाची टवाळी करायची रीत आहे. पांघरुणातून जंगल बघायला निघालेत, गरम पाण्याशिवाय यांचं पान हलत नाही, जंगल कसलं, ही तर हॉटेलची खिडकी, असं बरंच म्हटलं जातं. मला हे पटत नाही, आणि पटत नाही याचं कारण आंबोलीत नसून नायगावच्या रानात आहे. इथंही रात्री बॅटरी घेऊन माणूस फिरतो. त्याला आपण जागल म्हणतो. जूनमध्ये सोयाबीनला दोन पानं फुटली की हरणं येतात, शेंडे खुडत ओळीनं पुढं जातात. हिवाळ्यात हरभऱ्याला रोही आणि डुकरं. थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीचीच येते, म्हणजे पाणी द्यायला तसंही जागायचंच असतं. वावराभोवती जुन्या साड्या बांधलेल्या, गुलाबी, पोपटी, जरीच्या काठाच्या. कुठं झटका मशीन, कुठं रेकॉर्ड केलेला आवाज ओरडणारा भोंगा. बॅटरीचा झोत अंधारात फिरतो आणि अचानक वीस-पंचवीस हिरवट ठिपके जोडीजोडीनं चमकतात. आंबोलीत असा झोत फिरल्यावर चमकलेल्या डोळ्यांसाठी लोक श्वास रोखतात. इथं माणूस शिवी हासडतो आणि गोफण फिरवतो. बॅटरी तीच, अंधारही तसाच, आणि पुढं उभं असलेलं काळवीट खरं तर त्या बेडकापेक्षा कितीतरी देखणं. फरक एवढाच की एकाच्या पाठीमागे कोरडी गादी आहे, दुसऱ्याच्या पायाशी पीककर्ज.

माझं म्हणणं एवढंच आहे: जनावराकडे निवांत बघायचं, तर त्यानं आपलं काही जाणार नाही याची आधी खात्री लागते. लॉज ही खात्री विकतं. मच्छरदाणी, गमबूट, बंद होणारं दार, वाट माहीत असलेला गाइड, हे सगळे त्याच खात्रीचे भाग. ती मिळाली की चापडा हा मृत्यू राहत नाही, रंग होतो. जागलीवरच्या माणसाला सौंदर्यदृष्टी नाही असं म्हणणं म्हणजे कर्जदाराला संगीताचा कान नाही असं म्हणण्यासारखं आहे.

यावर एक चांगला आक्षेप येतो. ज्यांनी मराठीला जंगल दाखवलं त्यांनी कुठं आराम बघितला? चितमपल्लींनी आयुष्याचा उमेदीचा काळ नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी काढला. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले. त्यांची पायपीट, त्यांचं उन्हातान्हात झाडाखाली बसणं हे खरंच आहे. पण चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, महिन्याच्या महिन्याला पगार होता. आणि जंगलात राहणाऱ्या लेखकाच्या डोक्यावर बहुधा वनविश्रामगृहाचं छप्पर असायचं. हे मी त्यांचं मोठेपण कमी करायला सांगत नाही. त्या कौलाखालच्या दिव्यात रात्री वही उघडता आली म्हणून आपल्याला ती पुस्तकं मिळाली. इंग्रजांनी बांधलेलं रेस्ट हाऊस हेच आपलं पहिलं जंगल लॉज. फक्त तिथं उतरायला सरकारी ओळख लागायची, आता पैसे लागतात. कुठली व्यवस्था जास्त न्यायाची, हे मी सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. आराम मिळाला की बघणं येतं, तर मग उमरेडला काय झालं? 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून अडवलं. चित्रफीत सगळीकडे फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेल्यांना कसली ददात होती? पण जरा जवळून बघितलं तर ते निवांत नव्हतेच. सुट्टी काढलेली, महिनाभर आधी बुकिंग केलेलं, आणि सफारी दोन-तीनच. वाघ दिसला नाही तर पैसे पाण्यात. त्यांचंही काहीतरी पणाला लागलं होतं, जागलीवरच्या माणसासारखंच, फक्त उलट्या दिशेनं. त्याला वाटतं जनावर आलं तर आपण बुडालो. यांना वाटतं जनावर आलं नाही तर आपण बुडालो. दोघांच्या डोळ्यांत हिशेब. म्हणून मला वाघाच्या सफारीपेक्षा आंबोलीची ट्रेल या बाबतीत बरी वाटते: तिथं एका जनावरावर सगळी बोली लावलेली नसते. चापडा नाही तर विंचू, विंचू नाही तर झाडाच्या खोडावर चमकणारी बुरशी. तरीही तिथंही फोटोसाठी बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवणारे लोक आहेत, आणि खडकावरच्या त्या वीतभर पाण्यात बूट पडला की एका टोडाचा अख्खा हंगाम गेला. लॉज चांगलं की वाईट, हे गादीवरून ओळखू येत नाही. गाइड नको म्हणू शकतो का, यावरून ओळखू येतं.

आता तिसरा, आणि तो आपल्याच गावातून येतो: हे सगळं ठीक, पण त्या लॉजचं आम्हाला काय? याचं उत्तर मला एका फार लांबच्या ठिकाणी सापडतं. पेरू देशात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, तांबोपाता नदीकाठी एक लॉज आहे, पोसादा आमाझोनास. तिथल्या इन्फिएर्नो नावाच्या गावानं 1996 साली एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला: नफ्यातला साठ टक्के वाटा गावाचा, चाळीस कंपनीचा. लॉज 1998 मध्ये सुरू झालं. खोल्यांना एका बाजूला भिंत नाही. पलंगावर मच्छरदाणी आणि समोर थेट जंगल. भिंत काढून टाकण्याइतकं धाडस करता येतं, कारण बाकीच्या तीन बाजू आणि गावाचा वाटा भक्कम आहे. पाहुण्याचा निवांतपणा ज्या जमिनीवर उभा आहे, तिच्या मालकालाही थोडा निवांतपणा मिळाला. जनावर त्यांच्या हिशेबात जमेच्या बाजूला आलं.

काळ्या मातीत कुणी लॉज बांधणार नाही, हे मी धरून चालतो. इथं पाऊस तितका नाही, बेडूकही फेस घुसळत नाहीत. पण खात्री द्यायचा दुसरा मार्ग आपल्याकडे कागदावर आहे, त्याचं नाव नुकसान भरपाई. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्रात वारसांना 25 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. रोही, रानडुक्कर, हरीण यांनी पीक खाल्लं तर त्याचीही भरपाई आहे. पण माणूस मेला हे एकदाच आणि सगळ्यांना दिसतं, पीक मात्र रोज थोडं थोडं जातं. आज दहा ओळी, परवा बांधाकडचा कोपरा. अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा, आणि त्यात गेलेली रोजी. खाल्लेलं सोयाबीन आठ दिवसांत बाजूनं पुन्हा फुटतं आणि पंचनाम्याच्या दिवशी वावर हिरवंच दिसतं, उतारा मात्र पुढं कमी येतो. त्यामुळे पुष्कळ जण अर्जच करत नाहीत, जागलीला जातात. म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत बसवलेल्या काळविटाचा खर्च प्रत्यक्षात एका माणसाची झोप भागवते. आंबोलीच्या पाहुण्यानं ज्या गादीचे पैसे मोजले, तीच गादी याच्या पाठीखालून रोज काढून घेतली जाते. या अर्थानं वेळेवर हातात पडलेली भरपाई हे या शेतकऱ्याचं लॉज आहे. हे काव्य वाटेल, पण मी ते अगदी हिशेबानं म्हणतोय.

कुणी म्हणेल, शेतातली हरणं-डुकरं हे काही खरं वन्यजीवन नव्हे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. त्याला टिपेश्वरच्या वाघाचं उदाहरण पुरेसं आहे. 2019 साली गळ्यात कॉलर घातलेला एक तरणा नर तिथून निघाला, तेलंगणात उतरला, मराठवाडा-विदर्भाच्या शेताशिवारांतून, ओढ्याओढ्यानं, बहुतेक रात्रीच चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा माग नंतर हजारो किलोमीटरचा निघाला. वाटेत त्यानं आधार घेतला तो पऱ्हाटीचा, तुरीचा, आणि शेतकरी ज्यांना शिव्या देतो त्या रोही-डुकरांचा. आपण ज्याला वावर म्हणतो, त्याला तो वाघ रानच समजला, आणि भाषेच्या दृष्टीनं तो आमच्याच बाजूचा निघाला.

जागलीवरचा तोच माणूस मार्चमध्ये बघावा. हरभरा निघालेला असतो, ज्वारी काढून कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, साड्या सोडून घड्या घातलेल्या. रान मोकळं झालं, असं म्हणतात. आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, मोकळ्या बाजूला बाज टाकलेली असते, उशाला तीच बॅटरी, पण आता विझलेली. दिवस मावळताना उघड्या वावरात कळप येतो. पुढं तांबूस माद्या, मागं एक नर, वरून काळाकुळीत, पोटाला पांढराशुभ्र, पिळाची शिंगं मागं टाकून मान उंचावून चाललेला. माणूस तंबाखू मळता मळता थांबतो, पोराला खुणेनं जवळ बोलावतो आणि बोट दाखवतो. दोघंही काही बोलत नाहीत. कळप बांधापर्यंत जातो, नर एकदा वळून बघतो, आणि अंधार पडेपर्यंत कुणीच जागचं हलत नाही.