राज्य कोणावर?

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी सेटवर खुर्चीत बसतो. पूर्वी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा लावला की मीही शेजारी उकिडवा बसायचो. आता लांब मॉनिटरपाशी असतो आणि पोरं जास्त मोकळी खेळतात. हे मला झोंबतं. 'पोरं खुलतात ती सरांच्याच हाताखाली' हे नगरच्या बालनाट्यवाल्यांकडून ऐकायची चटक होती ना!

अडचण जुनीच. पहिल्या टेकला पोरं गोट्या खेळतात, दुसऱ्याला गोट्या खेळल्याचं करतात. अंगठा तोच, नेमही तोच. पण गोटी लागली की नजर गोटीमागे न जाता माझ्याकडे येते. मग मी भांडण पेरतो. एकाच्या कानात सांगतो, हरलास तरी डाव देऊ नकोस. टेक झकास मिळतो, पण जेवायला दोघं दोन टोकांना बसतात. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या वेळी (१९४८) डे सिकाने म्हणे पोराच्या खिशात सिगारेटची थोटकं घालून त्याला रडवलं. त्याला नावं ठेवायला मी कोण! त्रुफोची रीत जास्त सभ्य. 'फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये (१९५९) पोराला प्रश्न विचारणारी बाई दिसतच नाही. तो पोरगा, ज्याँ-पिएर लेओ, आपल्या मनाने उत्तरं देतो, मध्येच ओशाळं हसतो.

आमच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकलेल्या नागराज मंजुळेंच्या 'पिस्तुल्या'तला सूरज पवार पुढे 'फँड्री'त पिऱ्या झाला. त्या सिनेमात डुकरामागे धावणं हे नायक जब्याच्या घरचं काम, आणि बघणाऱ्या गावाचा खेळ. शाळेतल्या पोरांना दिसू नये म्हणून जब्या लपतो. लपाछपीच ती, फक्त राज्य अख्ख्या गावावर. जब्या झालेला सोमनाथ अवघडे तिथे जसा अंग चोरतो, तसं शिकवून येत नाही.

हल्ली शिबिरांत 'एक्स्प्रेशन' शिकवतात. चॅनेलवरची पोरं आजीबाईच्या सुरात टाळ्या घेतात. मला त्याचा वीट येतो, असूयाही वाटते. रांगा त्यांच्याच दारात.

२०१७च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, तेही विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही. आणि खरा खेळ रंगतो तो नेमका त्या विश्रांतीत. रडीचा डाव, शिव्या, धुळीत लोळण. कॅमेरामन हळूच विचारतो, "सर, चालू ठेवू?" माझेही हात शिवशिवतात. पण ती सुट्टी पोरांची. माझ्या सेटवर तेवढा वेळ लेन्सवर झाकण असतं, आणि कॅमेरामनला ते अजिबात पटत नाही.