पिवळं कार्ड आणि डेंग्यूवाला डास

हल्ली आपल्या भागातले बरेच जण मसाई मारा बघायला केनियाला जातात. यंदा आमची ताई आणि भावोजीही निघालेत. डॉलर, दुर्बीण, चकल्या... सगळी यादी तयार. यलो फीवरच्या लसीचा विषय निघाला की मात्र एकच प्रश्न: "नुसतं कार्ड कुठे मिळेल का हो?"

मंडळी, जरा थांबा. हा आजार आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंड्यांत आणि पिंपांत आहे. तोच, डेंग्यूवाला! आजार घेऊन आलेल्या एखाद्याला इथला डास चावला, तर पुढे काय होईल याचा विचार करा. म्हणूनच केनियाहून लसीशिवाय परतणाऱ्याला आपल्याकडे ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, आणि मग आयुष्यभर चालतं. पण ही लस जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची. भावोजी ६८ वर्षांचे. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता, कमी असली तरी, वाढते. म्हणून चालू गोळ्यांची यादी घेऊन त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. मलेरियाचंही तिथेच विचारलं, कारण त्याच्या गोळ्या वेगळ्या.

हे सगळं तिकीट काढण्याआधी करायचं. तुमच्या ओळखीत कुणी निघालं असेल, तर त्यांना आजच सांगा.