उतारवयातली रात्रपाळी

चिंचवड,
मकरसंक्रांत, 14 जानेवारी 2026

चि. अमोल यास,


परवा तुझा फोन आला तेव्हा तू गेटवर बसची वाट बघत होतास. ठेकेदाराकडची नोकरी सोडून डिलिव्हरीच्या ॲपवर गाडी लावू का, असं तू विचारलंस. बस आली आणि बोलणं तिथेच राहिलं, म्हणून हे पत्र. मोबाइलवर एवढं टाइप करायचा मला कंटाळा आहे. रात्रपाळीत चहाच्या सुट्टीत वाच, नाहीतर प्राजक्ताला मोठ्याने वाचायला सांग.

"निदान वेळ तरी माझ्या हातात राहील," असं तू म्हणालास. माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. वेळ कोणाच्या हातात असते हे मी मस्टरवर बघितलंय, त्यामुळे तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना.

आधी तुझ्या आजोबांचं, आबांचं सांगते, कारण तुला त्यांच्या म्हातारपणाचं तेवढं आठवतं. आबा 1950 च्या सुमारास साताऱ्याकडून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत बदली म्हणून लागले. बदलीने पहाटे भोंग्याआधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कायमवाल्या कोणाचा खाडा असला तर त्याच्या साच्यावर काम मिळायचं, नसला तर परत खोलीवर. खोलीवर तरी काय, एका गाळ्यात तिन्ही पाळ्यांची माणसं. एकजण कामाला निघाला की दुसरा त्याच वाकळेवर आडवा. आबा हे सगळं हसत सांगायचे. वय विशीतलं होतं, आणि बदलीचं कार्ड म्हणजे कायम व्हायच्या रांगेतला नंबर होता. रांग हळू सरकत होती, पण सरकत होती. तिशीच्या आसपास ते कायम झाले.

तोवर कामाचे तासही माणसांत आले होते. त्यांच्या आधीच्या पिढीत, 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्य मावळला तरी साचे थांबेनात. चौदा-चौदा तास काम चालायचं. मग 1911 च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला 12 तासांची हद्द घातली, 1922 मध्ये आठवड्याला 60 तास झाले, 1934 मध्ये 54, आणि 1948 च्या कारखाना कायद्याने 48. रविवारची सुट्टी त्याही आधीची, 1890 ची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ती मालकांकडून मिळवली. (तुझ्या ॲपवर सगळ्यात जास्त ऑर्डरी शनिवार-रविवारी असतात म्हणे. लोखंडे काय म्हणाले असते कोण जाणे.)

आणि मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांचा संप. येत्या रविवारी त्याला 44 वर्षं होतील. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यातले किती परत आत गेलेच नाहीत. आबांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. दोनेक वर्षं वाट बघून ते आमच्याकडे चिंचवडला आले आणि एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात 1981 चा कायदा होता, मंडळं होती, पण आबांची सोसायटी कुठल्या मंडळाच्या वहीत नव्हती. तिशीनंतर ज्या माणसाला आठ तासांची पाळी, भरपगारी रजा आणि बोनस होता, तो साठीत रात्रभर लोखंडी स्टुलावर बसायचा आणि कोणाची गाडी आली की धावत जाऊन गेट उघडायचा. गुडघे त्या स्टुलानेच गेले, असं तुझी आजी शेवटपर्यंत म्हणायची.

आता आमच्या कंपनीचं बघ. नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. तिथेही तीन पाळ्या होत्या, दर आठवड्याला फिरत्या. नवा पोरगा लागला की त्याला रात्रपाळी आवडायची. साहेब कमी, भत्ता जास्त, शिवाय सकाळी आठला घरी जाऊन क्रिकेट खेळायला मोकळा. तिशीत तोच टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायचा, "मॅडम, पुढच्या आठवड्यात पाळी बदलून मिळेल का, मुलीचं स्नेहसंमेलन आहे." आणि पंचेचाळिशी आली, साखर निघाली, डॉक्टर झोप मोडू नका म्हणाले, की हळूहळू त्याची सोय लागायची. लेथवरचा माणूस स्टोअरला जायचा, प्रेसवरचा इन्स्पेक्शनला, कोणी टूल रूमच्या खिडकीत. जनरल शिफ्ट, सव्वाआठ ते पावणेपाच. लेखी नियम कुठेही नव्हता. युनियन होती, सीनियॉरिटीची यादी होती, फोरमन ओळखीचा होता, आणि मुख्य म्हणजे हा माणूस अठ्ठावन्नपर्यंत इथेच राहणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. कायम नोकरीचं लोक पगार आणि पीएफवरून कौतुक करतात. मला विचारशील तर तिचा खरा फायदा हा होता, की वय वाढेल तसे चांगले तास तुझ्याकडे सरकत यायचे. तरुणपणी काढलेल्या रात्री म्हातारपणीच्या दिवसपाळीची उधारी असायची, आणि ती फेडली जायची.

टेंपररीचं मस्टर वेगळं असायचं. त्यात शेवटी एक रकाना होता, भरलेले दिवस. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कायदा ती नोकरी सलग धरतो, म्हणून दोनशेच्या पुढे आकडा गेला की टाइम ऑफिसातून पर्सोनेलला यादी जायची आणि त्या नावांना ब्रेक मिळायचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्यातलीच काही पोरं नव्या टोकन नंबरने परत यायची. त्याच मशीनवर. मशीनला कळत नसेल, पण कागदावर तो नवा माणूस असायचा. गंमत अशी, की कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेंपररी ठेवणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरलेली आहे. ते कोर्टात सिद्ध कोणी करायचं, तर ज्याला परवा कामावर घ्यायचं की नाही हे साहेबाच्या हातात आहे त्याने.

तू 2006 मध्ये आयटीआय करून चाकणला लागलास तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, एवढी वर्षं काढ म्हणावं, मग होईल कायम. तेव्हा तसं होतही असे. तुझ्या वेळी रांगच बंद झाली. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी, मग ठेकेदार, मग त्याचा दुसरा ठेकेदार. आज तू बेचाळिशीत आहेस आणि हातातलं कसब आमच्या लेथवाल्या कुणापेक्षा कमी नाही, पण पाळीच्या तक्त्यात तू दरवेळी शेवटचा, कारण दरवेळी तू नवा. चाळिशीतला माणूस विशीतल्या पोराच्या रात्री काढतोय. आबांच्या वाट्याला हे पन्नाशीनंतर आलं. तुला त्याच्या कितीतरी आधी आलं.

ही नुसती तुझ्या झोपेची गोष्ट नाही. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हा प्राजक्ता भात पातेल्यात शिजवत होती. कुकर बिघडला का विचारलं तर म्हणाली, "नाही आत्या, ते झोपलेत, शिट्टीने उठतात." तुमच्या ईशाला टीव्हीचा आवाज किती ठेवायचा हे बाबांच्या पाळीवरून कळतं. प्राजक्ताची स्वतःची लॅबमधली ड्युटी फिरती, त्यावर तुझी फिरती. माझ्या नोकरीच्या काळात कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवायला मनाई होती. म्हणून मला रात्रपाळी कधी लागली नाही. घरी आल्यावर जी लागायची तिची हजेरी कोणी मांडत नसे. पुढे 2019 मध्ये सरकारनेच वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 97, असं निघालं. तुमच्या घरी प्रमाण बरं असेल. तू भांडी घासतोस हे मी पाहिलंय, आणि दादाला सांगितलंही.

तर ॲप. गाडी कधी सुरू करायची, कधी बंद करायची हे तू ठरवणार, इथपर्यंत खरं. पण पैसे कुठल्या तासांना मिळतात हे तू ठरवणार नाहीस. जेवणाची वेळ, रात्रीची वेळ, पाऊस, सणवार. म्हणजे ईशा घरी असते नेमके ते तास. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना कायद्यात जागा दिली, ॲपवाल्यांकडून वर्गणी घेण्याची तरतूद केली. चांगलं झालं. दिवसाला किती तास हा प्रश्न मात्र तिथे येत नाही, कारण तुला कामावर ठेवलंय असं कोणी म्हणतच नाही. आणि बावन्नाव्या वर्षी स्कूटर लावून पाच मजले चढउतार करणाऱ्याची सोय लावायला तिथे स्टोअर नसतं, खिडकी नसते.

याचा अर्थ आहे तिथेच राहा असा घेऊ नकोस. राज्याच्या मंत्रिमंडळाने गेल्या सप्टेंबरात कारखान्यातल्या दिवसाची हद्द 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तास केली. कामगाराची लेखी संमती हवी असंही त्यात आहे. कायम माणसाने नाही म्हटलं तर साहेब रागावेल. ज्याच्या गेटपासची मुदत महिनाअखेर संपते त्याने नाही म्हटलं तर? तुमच्याकडे असला कागद फिरला, तर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून मला पाठव.

मला वाटतं तू तिसरी वाट शोधावीस: थोडा कमी पगार चालेल, पण थेट कंपनीच्या नावावर. नोव्हेंबरात कामगार संहिता लागू झाल्या, त्यात मुदतबंद नेमणुकीलाही एका वर्षात ग्रॅच्युइटी आहे. आधी सगळ्यांनाच पाच वर्षं लागायची आणि ब्रेकवाल्यांची ती कधी भरायचीच नाहीत. पण मुदतबंद म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवर नेमणूक. ठेकेदाराच्या कार्डावर ते धरलं जाईल अशा भ्रमात राहू नकोस. तुझ्या हाताला मेंटेनन्समध्ये जागा मिळू शकते, आणि मेंटेनन्समध्ये वय वाढलं तर किंमत वाढते. आमच्याकडचे दोघं निवृत्त मेंटेनन्सवाले अजून बोलावले जातात, दिवसा.

आणि पीएफ. प्रत्येक ब्रेकला तू पैसे काढून मोकळा झालास की काय अशी मला शंका आहे. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. जिथली रक्कम उचललीस तिथली सेवा गेली, पण जिथली तशीच आहे ती वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी जोडता येते. अठ्ठावन्नपर्यंत तुला अजून सोळा वर्षं आहेत, म्हणजे आजपासून धरलं तरी दहा भरतात. इथून पुढे नोकरी सुटली तर पेन्शनची रक्कम काढू नकोस, स्कीम सर्टिफिकेट माग. फॉर्म 10-सी, त्यातच दोन्ही पर्याय असतात आणि लोक घाईत चुकीच्या चौकोनावर खूण करतात. तुझे यूएएन एकापेक्षा जास्त झाले असतील तर ते आधी एकत्र करावे लागतील. ठेकेदारांनी जन्मतारीख काय काय घातली असेल देव जाणे.

रविवारी सुट्टी असली तर सगळी जुनी कार्डं, पगारपत्रकं, असतील नसतील ती घेऊन ये. दहावीचा दाखला आणि आधार विसरू नकोस. माझा चष्मा बदललाय, आता बारीक आकडे दिसतात. ईशाला आण, तिळाच्या वड्या केल्यात. प्राजक्ताची सकाळची ड्युटी असेल तर तिला परस्पर इकडेच यायला सांग, जेवण इथेच करू.

तुझी,
आत्या