तीन महिने घरी बसून दारू सुटते का?

माझा मामेभाऊ विमानात केबिन क्रू. उड्डाणाआधी मशीनमध्ये फुंकलं, दारू निघाली. पहिली वेळ, तीन महिने निलंबन. दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षं! 'भोग आता,' असं मीही म्हणालो. आज लाज वाटते.

शिक्षा हवीच, प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण घरी बसून त्याची दारू वाढलीच. शेवटी पुण्याच्या मुक्तांगणला नेलं, ३५ दिवस. आता पुन्हा उडतोय.

अमेरिकेत लाइल प्राउझ हा वैमानिक १९९० मध्ये दारू पिऊन विमान उडवल्याबद्दल तुरुंगात गेला. दारू सोडून त्याच कंपनीत परतला, कॅप्टन म्हणून निवृत्त झाला.

परतीची वाट दिसली तरच माणूस कबूल करतो, नाहीतर लपवतो. म्हणून निलंबनासोबत उपचारही सक्तीचे करा. आणि मंडळी, ओळखीतलं कुणी सापडलं तर हसू नका, सोबत जा.