हाडांचा कौल

आमच्या दादांस 2018 साली प्रोस्टेटचा कर्करोग झाला; उपचारांनी तो आवरला. 2023 च्या कार्तिकी पौर्णिमेस मात्र पालखीपुढे त्यांस उभे राहवेना. चित्रात मणक्यांवर डाग दिसले. जुनाच रोग हाडांत उतरला, असे आम्ही धरून चाललो. डॉक्टर सुईने हाडाचा तुकडा काढू म्हणाले, तेव्हा “म्हाताऱ्यास आता टोचणी कशाला?” म्हणून आम्हीच आड आलो.

डॉक्टरांनी शांतपणे समजाविले. प्रोस्टेटचा रोग हाडांत बहुधा दाट, पांढरे डाग उठवितो. येथे हाड पोखरले होते. रक्तातील पीएसए वाढलेला नव्हता; हिमोग्लोबिन मात्र उतरले होते. अखेर दादांनीच होकार दिला. तुकड्यात निघाला मायलोमा, म्हणजे मज्जेतील प्लाझ्मा पेशींचा निराळाच कर्करोग! दोहोंची औषधे भिन्न. आमचे ऐकले असते, तर एकाचे औषध दुसऱ्यास जाते.

दादा पुरते बरे झाले नाहीत. पण पुढल्या वर्षीची पालखी त्यांनी काठी टेकून पाहिली.

देवीचा कौल घेताना पाकळी उजवी पडली की डावी, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग हाडांचा कौल आम्ही न पाहताच कसा ठरविला होता?