रिकाम्या घराचा धनी : जर्मेनियम

१८७१ साली दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आपल्या आवर्तसारणीत सिलिकॉनच्या खालचे घर रिकामे ठेवले. तिथे येणाऱ्या मूलद्रव्याला त्यांनी आधीच नाव दिले, ‘एका-सिलिकॉन’. (यातला ‘एका’ संस्कृत ‘एक’वरून आलेला.) कोणीही न पाहिलेल्या या द्रव्याचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल, हेही त्यांनी सांगून टाकले.

१८८५ मध्ये सॅक्सनीतील फ्रायबर्गजवळच्या चांदीच्या खाणीत आर्जिरोडाइट हे नवे खनिज सापडले. क्लेमेन्स विंक्लर त्याचे पृथक्करण करू लागले. पण चांदी, गंधक, सारे मोजूनही बेरीज शंभरावर येईना. सुमारे सात टक्के वजनाचा हिशेबच लागत नव्हता. एखाद्याने तो प्रयोगातला दोष म्हणून सोडून दिला असता. विंक्लर त्या तुटीचा माग काढत राहिले आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये नवे मूलद्रव्य त्यांच्या हाती आले. मायदेशावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले जर्मेनियम.

शालेय पुस्तकांत ही कथा ‘भाकीत खरे ठरले’ इथे संपते. प्रत्यक्षात विंक्लर यांना हे द्रव्य प्रथम अँटिमनीच्या खालचे वाटले, तर खुद्द मेंडेलीव्ह यांना कॅडमियमच्या खालचे! भाकीत करणाऱ्यालाच आपले भाकीत ओळखता आले नाही. ते एका-सिलिकॉनच आहे, हे सुचवले रिक्टर या तिसऱ्याच रसायनशास्त्रज्ञाने. पुढे अणुभार भरला ७२.३ आणि वाद मिटला. सिद्धान्ताच्या विजयाइतकीच ही गफलतही सांगण्याजोगी आहे.

त्यानंतर साठ वर्षे या द्रव्याला फारसे कोणी विचारले नाही. १६ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या स्फटिकावर सोन्याची दोन टोके टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवला. खिशात मावणारे रेडिओ आले ते याच्याच जोरावर. मात्र तापले की जर्मेनियमची उपकरणे बिघडत. उष्णता अधिक सोसणाऱ्या सिलिकॉनने, म्हणजे सारणीतल्या वरच्या घरातील शेजाऱ्यानेच, त्याला मागे सारले.

तरी ते गेले नाही. ऑप्टिकल फायबरच्या काचेच्या गाभ्यात जर्मेनियम डायऑक्साइड मिसळतात. त्यामुळे गाभ्याचा अपवर्तनांक वाढतो आणि प्रकाश बाहेर न निसटता आतल्या आत पुढे सरकतो. हा धागाही वाचकांपर्यंत येताना वाटेत बहुधा अशाच काचेतून आला असेल. अवरक्त कॅमेऱ्यांची भिंगेही जर्मेनियमचीच असतात.

ऑगस्ट २०२३ पासून चीनने जर्मेनियमच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला आणि अनेक देशांची धावपळ उडाली. त्यासाठी नवी खाण खोदणेही सोपे नाही. कारण आज हे द्रव्य मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात उरलेल्या मळीतून आणि कोळशाच्या राखेतून मिळवले जाते.