भाड्याच्या दोन खोल्या

आमच्या आंजीत घर निवडावे लागत नाही; आईबापांप्रमाणे ते मिळते. निवडण्याची पाळी माणसावर येते ती शहराच्या वेशीवर. निवृत्तीच्या पैशांतून वर्ध्यालगत दोन खोल्या घ्यायचे मी ठरवले, तेव्हा सारे गाव सल्लागार झाले. कुणी म्हणाले, "सावंगी (मेघे) घ्या, गुरुजी." तिथे १९९०पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; भाडेकरूंना तोटा नाही. कुणी सेवाग्रामची बाजू घेतली. तिथले महाविद्यालय १९६९चे, म्हणजे मानाने वडीलधारे!

मी प्रत्येक वस्ती दोनदा पाहिली, एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात. वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, भाद्रपदात रस्त्याचा. शिवाय माती पाहिली. आमच्याकडची काळी माती कपाशीची माय, पण भिंतीची सावत्र आई. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाची भिंत उभी चिरते. पाया मुरमापर्यंत नेलेल्या खोल्या शेवटी पिपरीत (मेघे) मिळाल्या.

घर घेणे सोपे, राखणे कठीण. कवेलूंचे घर निदान सरळ स्वभावाचे असते. जिथे कवेलू फुटले तिथेच गळते. स्लॅबचे पाणी एका कोपऱ्यात शिरते आणि भलत्याच कोपऱ्यात टपकते. म्हणून दर वर्षी एका महिन्याचे भाडे मी दुरुस्तीसाठी वेगळे काढतो.

एका खोलीत एक विधवा बाई राहते. रुग्णालयात आयाचे काम करते; मुलगी बारावीला आहे. परवा दलाल म्हणाला, "गुरुजी, तिथे चार पोरं ठेवा. भाडं दुप्पट!" हिशेब खोटा नव्हता. माझ्या पत्नीची औषधे या भाड्यातूनच येतात, आणि त्यांच्या किमती काही माझ्या पेन्शनला विचारून वाढत नाहीत. दोन रात्री मी कागदावर आकडे मांडत बसलो.

चार पोरे परीक्षा झाली की गावी जाणार; खोली उन्हाळाभर रिकामी. आणि ओल धरली तर मला कोण सांगणार? ही बाई पहिला डाग दिसताच फोन करते, "काकाजी, कोपऱ्यात ओल येऊन राहिली." पहिल्या ओलीला घमेलेभर सिमेंट पुरते, तिसऱ्या पावसाळ्यात गवंडी आठवडाभर मुक्काम ठोकतो. दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य, असे महाराष्ट्राचा १९९९चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. पण ओल आधी दिसते ती भाडेकरूलाच. तेव्हा घर खरे कोण राखते, वाचकहो, तुम्हीच ठरवा.

दलालाला मी नाही म्हटले. पत्नीला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग दिवाळीआधी भिंतींना रंग तरी द्या."

रंग कोणता, ते त्या मुलीला विचारले. तिने निळा सांगितला. मला निळा मुळीच आवडत नाही. पण त्या भिंतींकडे पाहत अभ्यास तिला करायचा आहे, मला नव्हे.